फादरांसाठी मांडलेलं टेबल

मेणकाकांच्या उजव्या बाहीवर मेणाचा डाग नाही, असा दिवस कोणी पाहिलेला नाही. चर्चमधल्या मेणबत्त्या लावायच्या आणि विझवायच्या, फादरांची वस्त्रं धुऊन इस्त्री करून कपाटात टांगायची, पेले घासून लखलखीत ठेवायचे, वेळेवर घंटा वाजवायची, हे त्यांचं काम. या कामाला सॅक्रिस्टन असं भारदस्त नाव आहे. पण त्या नावाने कोणी हाक मारली तर काका मागे वळून बघतील, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. मेणकाका हे नाव फादरांमुळे पडलं. फादर बदलून आले त्या पहिल्याच सकाळी त्यांनी ती बाही पाहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मेणबत्ती तुम्ही लावता, की मेणबत्ती तुम्हाला लावते?" दोघंही तेव्हा तरणेबांड. त्या दिवसापासून फादर त्यांना मेणोबा म्हणायला लागले आणि बाकीच्यांनी त्याचं मेणकाका केलं. आता फादर गेले, आणि मेणोबा म्हणणारं कोणी उरलं नाही.

फादरांबद्दल लोक आता सांगतात ते सगळं साखरेत घोळलेलं असतं. माणूस गेला की असंच होतं. खरं सांगायचं तर फादरांचं गाणं म्हणजे निव्वळ छळ होता. सूर त्यांना कधी सापडला नाही आणि आपल्याला तो सापडलेला नाही हेही कधी कळलं नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई त्यांच्या पहिल्या ओळीला डोळे मिटून घ्यायच्या. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती! प्रवचन हरवलेल्या मेंढरावरून सुरू व्हायचं आणि शाळेच्या गळक्या नळावर येऊन थांबायचं. नावं तर त्यांच्या लक्षात राहायचीच नाहीत. दुखणी मात्र बरोबर राहायची. रस्त्यात कोणी भेटलं की "गुडघा काय म्हणतोय?", "पित्त उतरलं का?" असं सुरू. आपला गुडघा फादरांच्या लक्षात आहे, एवढ्यावर माणसं दिवसभर खूश असायची. दोनदा त्यांची बदली आली आणि दोन्ही वेळा अख्खी वस्ती बिशपांच्या दारात जाऊन बसली. दुसऱ्या वेळी बिशप म्हणाले म्हणे, की या माणसात एवढं आहे तरी काय?

काय आहे, ते मेणकाकांना विचारायला हवं होतं. फादरांना ऐकता यायचं. तेवढंच, पण ते असं यायचं की विचारू नका.

शनिवारी दुपारी ते कन्फेशनच्या लाकडी खोलीत जाऊन बसायचे. मध्ये जाळी, जाळीवर सरकतं झाकण, पलीकडे गुडघे टेकून बसलेला माणूस. बटणं विकणाऱ्या आजी दर शनिवारी पहिल्या नंबरला. आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या कन्फेशनही बाजारात भाव सांगावा तशा आवाजात करायच्या. स्वतःची पापं दोन आणि सुनेची वीस. मागच्या रांगेला फुकटची करमणूक. शेवटी फादर त्यांना बाहेर झाडाखालच्या बाकावर न्यायला लागले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणायचे, "आजी, सुनेची तिला सांगू द्या. तुमची तेवढी बघू." आजी रुसून जायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

आजारी माणसाकडून बोलावणं आलं की मात्र फादर आणि मेणकाका जोडीने निघायचे. मरणाऱ्या माणसाला लावायच्या पवित्र तेलाची छोटी डबी फादरांच्या खिशात, बाकीची पिशवी काकांच्या खांद्याला. घरात शिरल्यावर काकांचे हात आपोआप चालू व्हायचे. पलंगाजवळ टेबल ओढायचं, त्यावर पांढरं कापड, मधे क्रूस, दोन बाजूंना दोन मेणबत्त्या, वाटीत पाणी, ताटलीत कापूस, आणि तेलाची बोटं पुसायला लिंबाची फोड. हे सगळं होईपर्यंत फादर चपला काढून थेट पलंगाच्या कडेवर बसलेले असायचे. घरच्यांची घाई असायची, की फादर, आधी तेवढं तेल लावून घ्या. फादर म्हणायचे, "तेल कुठे पळून जात नाही. आधी बोलू."

एकदा एका सुताराकडे गेले होते. सुतार अगदी शेवटच्या घटकेला आलेला, आणि घरचे त्याला सांगत होते की दोन दिवसांत उठून बसशील. फादरांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "घाबरलायस ना?" सुताराने मान हलवली. "मीपण घाबरतो," फादर म्हणाले. मग तो सुतार बोलायला लागला. काय बोलला, तर कोणे एके काळी एका घराचा दरवाजा त्याच्या हातून तिरका बसला होता आणि मालकाच्या लक्षात आलं नाही म्हणून त्याने तो तसाच ठेवला होता. त्या दरवाजावर सबंध दुपार गेली. बिजागऱ्या, चौकट, लाकूड कुठून आणलं होतं, सगळं. मेणबत्त्या वितळून अर्ध्या झाल्या. काका कोपऱ्यात उभे राहून या पायावरून त्या पायावर होत होते.

परतताना ते कुरकुरले, "फादर, मरायला टेकलेल्या माणसाने दरवाजाचं काय घेऊन बसायचं?"

"कुठूनतरी सुरुवात करावी लागते रे," फादर म्हणाले. "दरवाजानंतर तो बापाबद्दल बोलला, ते ऐकलं नाहीस का? माणूस बोलायला लागला की त्याला अडवू नये, मेणोबा. पुन्हा बोलेलच असं नसतं."

थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या वेळी कोणाला तरी आण हं. मला माझं तेल लावता येत नाही, आणि माझी पापंही मला माफ करता येत नाहीत. त्याला दुसरा फादर लागतो. न्हाव्यासारखंच आहे आमचं."

"हा काय विषय झाला?" काका म्हणाले. "मी आहे ना. आणीन की."

शब्द दिला तो असा, रस्त्यात, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेता घेता. दिला आणि विसरलेही.

मग दोघं म्हातारे झाले. फादरांचं हृदय कुरकुरायला लागलं. वयस्क फादरांसाठी बिशपांनी एक घर बांधलं आहे, तिथे चला असा निरोप आला. फादर "येतो, येतो" म्हणत राहिले आणि गेले नाहीत. चर्चमागच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. लोखंडी पलंग, एक रेडिओ, शाळेच्या मैदानाकडे उघडणारी खिडकी. मैदानावर आरडाओरडा असला की त्यांना झोप चांगली लागायची.

शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई तपासून खाली आल्या. हॉस्पिटलचं नाव काढताच फादरांनी मान हलवून नको म्हटलं होतं. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. "काका, आता औषधाचं काही राहिलेलं नाही. आजचा दिवस जाईल असं वाटत नाही. ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या."

हातपाय गाळून बसणाऱ्यातले काका नव्हेत. त्यांनी भराभर फोन केले. फादरांचा पुतण्या लांब राहायचा, त्याला केला. ऑर्गनवाल्या बाईंना केला. बायकोला सूप घेऊन यायला सांगितलं. बटणवाल्या आजींच्या सुनेला केला, आणि ती बिचारी आजींना हाताला धरून घेऊन आली. सगळे वर जाऊन भेटून आले. आजी जिन्यात बसून मोठमोठ्याने रडल्या. दुपार झाली. काकांच्या बायकोने सूपचे चारच चमचे कसेबसे पाजले, भांडं उचललं आणि ती म्हणाली, "अहो, तुम्ही जरा त्यांच्यापाशी बसा. मी खाली यांना चहा करते."

काका बसले नाहीत. त्यांचे हात चालू झाले होते.

त्यांनी रेडिओ उचलून खिडकीत ठेवला आणि टेबल पलंगाजवळ ओढलं. कपाटातून पांढरं कापड काढलं, चांगल्यातलं, कडेला जाळी विणलेलं. मधे क्रूस. दोन मेणबत्त्या, दोन्ही सारख्या उंचीच्या. कमीजास्त झाल्या तर फादरांना आवडत नसे. वाटीत पाणी, कापूस, लिंबाची फोड. कापडाला एक सुरकुती होती ती तळहाताने दाबून सरळ केली. मेणबत्त्या पेटवल्या आणि नेहमीसारखे कोपऱ्यात जाऊन हात बांधून उभे राहिले. आपलं काम झालं, आता फादर येतील.

किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. मेण ओघळून खाली यायला लागलं होतं.

पलंगावरून आवाज आला, "मेणोबा."

"हां, फादर."

"छान मांडलंस." फादर मान वळवून टेबलाकडे बघत होते. "आणि फादर कुठेयत?"

काकांनी सवयीने दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं टेबल मांडायचं आणि फादरांची वाट बघायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. फादर तर खोलीतच होते. पलंगावर होते. सकाळपासून अख्ख्या दुनियेला फोन केले, पुतण्याला केला, सूप आणवलं, आणि शेजारच्या चर्चमधल्या फादरांना बोलवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्याच काय, जिन्यात बसलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. फादर घरात आहेत म्हटल्यावर आणखी फादर कशाला बोलवायचा?

काका धडपडत खाली गेले. फोन लावला. शेजारच्या चर्चचे धाकटे फादर भला माणूस. त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि "निघालोच" म्हणाले. काकांचा जीव थोडा भांड्यात पडला. ते धापा टाकत वर आले आणि पलंगापाशी वाकून म्हणाले, "येतायत, फादर. निघालेत. चुकलं माझं. अगदी गाढव आहे मी."

फादर हसले. म्हणजे ओठ हलले, आवाज आला नाही. "गाढव कसला. बस इथे."

काका पलंगाच्या कडेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. आजवर ती जागा फादरांची होती.

फादरांनी त्यांचा हात धरला. मेणबत्त्यांकडे बघत थोडा वेळ नुसता श्वास घेतला. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा मी..."

हे काय चाललंय ते काकांना लगेच कळलं. फादर कन्फेशन करायला लागले होते. आणि ते ऐकायचा अधिकार काकांना नाही. लाकडी खोलीच्या आसपास जरी एखादा शब्द कानावर आला तरी कान झाकून लांब जायचं, हे त्यांनी तरुणपणापासून पाळलेलं. स्वतः फादरांनीच शिकवलेलं.

"थांबा, फादर," काका म्हणाले. "मला नका सांगू. ते येतायत ना. पोचतीलच. त्यांनाच सांगा."

फादरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. उलट "बरोबर आहे तुझं" अशी मान हलवली. हात सोडला नाही. डोळे मिटले. बाहेर मैदानावर कोणीतरी कोणाला बाद केलं होतं आणि त्यावरून भांडण चाललं होतं. काका जिन्याकडे कान लावून बसले, मोटरसायकलचा आवाज येतो का ते ऐकत. इतके कान देऊन बसले की शेजारचा श्वास कधी थांबला ते त्यांना कळलं नाही.

धाकटे फादर आले तेव्हा हेल्मेट हातातच होतं आणि शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. जीव आहे की गेला याची खात्री नसेल तर तेल लावता येतं, तसं त्यांनी लावलं. लिंबाच्या फोडीने बोटं पुसताना ते रडले. टेबल त्यांना अगदी तयार मिळालं, कशालाही शोधाशोध करावी लागली नाही. जाताना त्यांनी काकांचा खांदा दाबला आणि म्हणाले, "काका, तुम्ही सगळं किती व्यवस्थित केलंत."

मातीला एवढी गर्दी झाली की चर्चचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवावे लागले. बिशप स्वतः आले. ते म्हणाले, फादरांनी संस्कार घेऊन शांतपणे डोळे मिटले. वेदीच्या बाजूला उभे राहून काका ऐकत होते. नंतर लोक घोळक्याने बोलत राहिले. माझं त्यांनी ऐकलं, माझ्या नवऱ्याचं ऐकलं, पोरगी घर सोडून गेली तेव्हा तीन दिवस माझं ऐकलं. सुताराचा मुलगा दरवाजाची गोष्ट सांगत होता. काका वस्त्रांच्या खोलीत जाऊन नुसतेच हँगर इकडचे तिकडे करत बसले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "किती मनाला लावून घ्याल? म्हातारा माणूस होता, देवाने नेलं."

"आई गेली तेव्हा मी," काका म्हणाले.

"काय?"

"एवढंच बोलले. पुढचं मी बोलू दिलं नाही."

बायकोच्या हातातला कपडा घडी घालता घालता थांबला.

काकांनी खूप आठवून पाहिलं. फादरांची आई गेल्याचा निरोप आला तो दिवस त्यांना आठवत होता. त्या दिवशी कुणाकडे तरी आजाऱ्याला बघायला जायचं होतं, आणि दोघं गेलेही होते. फादर पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते, नेहमीसारखे. मग दुसऱ्या दिवशी आईच्या मातीला पोचले का? वेळेवर पोचले का? काकांनी तेव्हा विचारलंच नव्हतं. सगळ्यांचं ऐकणाऱ्या माणसाला काही विचारायचं असतं, हे डोक्यात कोणाच्या येतं? आणि कोणास ठाऊक, सुतारासारखा आईचा तो नुसता दरवाजाच असेल, सुरुवातीपुरता. त्याच्या पुढे काय होतं ते आता कोण सांगणार?

शेवटी काका धाकट्या फादरांकडे कन्फेशनला गेले. सगळं सांगितलं. टेबल, फोन, थांबा म्हटलं ते. जाळीपलीकडून धाकटे फादर हळू म्हणाले, "काका, यात पाप कुठे आहे? तुम्ही नियमाने वागलात. ऐकलं असतंत तरी पाप नव्हतं. नाही ऐकलंत, तरी नाही."

"म्हणजे माफ करण्यासारखं काही नाही?"

"नाही, काका. काहीच नाही."

काका उठून आले. त्यांना माफी हवी होती आणि ती देण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे आता हे असंच बरोबर घेऊन जायचं. आपल्यावर कोणी ओरडावं असं त्यांना फार वाटलं. ओरडणारं कोणी नव्हतं. वस्तीतले लोक तर उलट म्हणत होते, भाग्यवान हो मेणकाका, शेवटच्या क्षणी तुम्ही त्यांच्याजवळ होता.

आता धाकटे फादर दोन्ही चर्च सांभाळतात. शनिवारी दुपारी ते इकडे यायच्या आधी काका लाकडी खोली झाडून घेतात. गुडघे टेकायची उशी झटकतात, जाळी ओल्या फडक्याने पुसतात, फादरांची खुर्ची पुसतात. ती खुर्ची त्यांनी नेहमी उभ्यानेच पुसली. टेकून बघायचा मोहसुद्धा त्यांना कधी झाला नव्हता.

एका शनिवारी पुसून झाल्यावर ते खुर्चीत बसले. कसे बसले ते त्यांनाही सांगता येणार नाही. दार ओढून घेतलं. आत लाकडाचा आणि फादरांच्या खोकल्याच्या औषधाचा वास अजून होता. त्यांनी जाळीवरचं झाकण सरकवलं, फादर करायचे तशी मान बाजूला झुकवली आणि कान जाळीला लावला. पलीकडे कोणीही नव्हतं. ते तसेच बसून राहिले.

मग पलीकडे उशी दबल्याचा आवाज झाला आणि बाजारातला भाव सांगावा तसं कोणीतरी सुरू झालं, "आशीर्वाद द्या, फादर. मागच्या शनिवारपासून माझ्या हातून..."

"थांबा, आजी," काका म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि त्यांना तो ऐकू आला. तोच शब्द, त्याच आवाजात. दुसरं काही म्हणताही आलं नसतं. "मी मेणकाका. फादर यायचेत अजून."

ते आजींना ऐकू जायला दोनदा सांगावं लागलं. मग जाळीला आजींचा डोळा लागला.

"मेणकाका? मग तुम्ही आत काय करताय?"

"ऐकत होतो."

"कोणाचं?"

"फादरांचं," काका म्हणाले. "त्या दिवशी राहिलं होतं."

आजींना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्या जागच्या उठल्या नाहीत. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काही बोलले का?"

काकांनी नाही अशी मान हलवली. आतल्या अंधारात आजींना ते दिसलं नाही, आणि त्या वाट बघत बसल्या.